टेन्शनरची खुंटी

आमच्या गाडीला बावीस वर्षं झाली आणि आमच्या लग्नाला चौतीस. दोन्ही अजून चालू आहेत, आणि दोन्हींची देखभाल आपण एकट्याने केली असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. मी वाद घालत नाही. वाद घातला की हे कपाटातून कानस काढतात.

म्हणजे मला मारायला नव्हे. हे तांत्रिक शाळेत एकतीस वर्षं फिटरचे मास्तर होते. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात कानस द्यायची, लोखंडाचा एक ठोकळा द्यायचा आणि सांगायचं, सपाट कर. मुलगा महिनाभर घासायचा. मग हे त्यावर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, ठेवून उजेडाकडे धरायचे. गुण्याखालून केसभर जरी उजेड दिसला तरी मुलगा नापास. मुलं त्यांना पाठीमागे कानससर म्हणायची. हे मला त्यांच्या निरोप समारंभात कळलं आणि नाव ऐकून मी सगळ्यांत जास्त हसले, कारण घरी मीही तेच भोगत होते. दार घट्ट झालं, लाव कानस. खण अडकला, लाव कानस. एकदा पिठाच्या डब्याचं झाकण बसेना म्हणून त्याला कानस लावली, तर आता ते झाकण घरातल्या कुठल्याच डब्याला बसत नाही. जगात जे जे बसत नाही ते जास्त झालेलं असतं आणि ते घासून कमी करता येतं, यावर ह्यांची श्रद्धा आहे. काही तरी कमी पडत असेल, ही शक्यता त्यांच्या अभ्यासक्रमातच नव्हती.

यंदा मात्र कमी पडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही डोळ्यांतली मधली नजर जात चालली आहे. कडेकडेचं दिसेल, नेमकं समोरचं दिसणार नाही. गाडी चालवायची नाही. ह्यांचं लायसन दोन महिन्यांनी संपणार होतं, आणि ते पुन्हा मिळणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. हे लोकांना मात्र सांगत होते, "चष्म्याचा नंबर जरा हललाय." झाकली मूठ सव्वा लाखाची.

मला त्या गाडीची गरज होती. माझी ताई दोन तासांच्या वाटेवर एकटी राहते. मागच्या वर्षी ती मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आता काठी घेऊन चालते. दर शनिवारी मी जाते, तिचं डोकं धुते, नखं कापते, आठवड्याचं जेवण करून ठेवते, आणि दोघी मिळून आमच्या आईला नावं ठेवतो. तिच्याकडे बस जाते, पण ज्या दिवशी जाते त्या दिवशी परत येत नाही. आतापर्यंत हे मला सोडायचे. आता मी लायसन काढायचं, नाही तर गाडी विकायची, असं ठरलं. मी दोनदा परीक्षा दिली होती आणि दोनदा चढावर गाडी बंद पाडली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की वर्षभर परीक्षेला बसू देत नाहीत. वर्षभर ताईचं डोकं कोण धुणार?

आणि नेमकी तेव्हाच गाडी केकाटू लागली.

सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटखालून असा आवाज यायचा की समोरच्या घरातली बाई खिडकी लावून घ्यायची. ह्यांनी बॉनेट उघडलं, डोळे मिटले, कान लावला, आणि निदान केलं. पट्टा. इंजिनाच्या बाजूला एक लांब रबरी पट्टा असतो, तो चारपाच चाकांवरून फिरतो, आणि बॅटरी भरणं, स्टिअरिंग हलकं ठेवणं, इंजिनाला पाणी फिरवणं ही सगळी कामं एकटा करतो. आमच्या घरात अशा माणसाला बायको म्हणतात. पट्टा जुना झाला होता, ह्यांनी नवा आणून घातला. गाडी नव्या पट्ट्याने नव्या दमाने केकाटली.

मग भाऊजी आले, म्हणजे माझे धाकटे दीर. ते विमा विकतात, त्यामुळे त्यांना सगळ्या गोष्टींमधला धोका कळतो. ते म्हणाले, "दादा, पट्ट्याला साबण लाव." साबण लावला. दोन दिवस गाडी गप्प राहिली आणि तिसऱ्या दिवशी फेस काढत केकाटली. मग ते म्हणाले, "खडू लाव." खडू लावला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं, पण मी बोलले नाही, कारण मला इंजिनातलं काही कळत नाही हे त्या दोघांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

खडूही उतरल्यावर हे दुसऱ्या निदानावर आले. टेन्शनर. पट्टा ताणून धरणारं एक चाक असतं, त्याला आत स्प्रिंग असते. ती स्प्रिंग म्हातारी झाली की पट्टा सैल पडतो, चाकांवर घसरतो आणि ओरडतो. हे निदान अगदी बरोबर होतं. मला हे मुद्दाम नमूद करायचं आहे, कारण पुढे जे झालं त्यात लोक ही गोष्ट विसरतात.

"मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये टाका ना," मी म्हटलं.

"त्याच्याकडे?" हे म्हणाले. "तो दोनदा बसलेला आहे."

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला ह्यांचा विद्यार्थी. कानशीच्या परीक्षेत ह्यांनी त्याला दोनदा नापास केलं होतं. आता त्याच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग असते, पण ह्यांच्या लेखी तो अजून ठोकळा घेऊन उभा होता. त्याच्या हातात आपली गाडी देणं म्हणजे निकाल फिरवणं. ते गॅरेज निघाल्यापासून हे त्या कोपऱ्यावरून जाताना मान वळवून पलीकडच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर काही नाही.

तर टेन्शनर ह्यांनी स्वतःच आणला आणि एका रविवारी दुपारी अंगणात बसवायला घेतला. मी कपडे वाळत घालत होते. जुना निघाला. नवा बसेना. त्याच्या पाठीला बोटाच्या पेराएवढी एक लोखंडी खुंटी होती आणि ती आड येत होती. ह्यांनी टेन्शनर जागेवर धरून, फिरवून, दाबून पाहिलं. मग सरळ उभे राहिले. मी चिमटा हातात धरून म्हटलं, "अहो, ती खुंटी कशासाठी तरी असेल."

"ओतकामात राहिलेला दोष आहे," हे म्हणाले, आणि कपाटाकडे गेले.

पाऊण तास कानशीचा आवाज येत होता. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटत होतं. हाताला सगळं येत होतं, डोळ्यांची गरजच नव्हती. अंगठ्याने चाचपून, पुन्हा दोन हात मारून, ह्यांनी ती खुंटी मुळापासून काढली आणि ती जागा आरशासारखी सपाट केली. टेन्शनर बसला. गाडी चालू केली, आणि ती पूर्वीपेक्षा वरच्या पट्टीत केकाटली.

"नवं आहे, रुळेल," हे म्हणाले. पडलो तरी नाक वर.

या सगळ्या दीड महिन्यात माझं गाडी शिकणं ह्यांच्याच हाताखाली चालू होतं. शेजारी लायसनवाला माणूस लागतो, आणि ह्यांचं लायसन अजून संपलं नव्हतं. आता ज्या मास्तरला समोरचं दिसत नाही तो कसं शिकवणार? कानाने. "रस्त्याकडे तू बघ," हे म्हणायचे, "इंजिनाकडे मी बघतो. आवाज ऐक. चढला की गिअर टाक. क्लच सोडताना आवाज जरा खाली बसतो, तिथे पाय थांबव. तिथे गाडीने पकडलं असं समज." आणि आमच्या गाडीत आवाज म्हणजे एकच होता. इंजिनाचा आवाज त्या केकाटण्याखाली ऐकूच यायचा नाही. मी पट्ट्यावर शिकले. पट्टा वर चढला की गिअर, पट्टा खाली बसला की हँडब्रेक सोड. सांगायला लाज वाटते, पण मला जमू लागलं होतं. घराशेजारच्या पुलाच्या चढावर मी सलग अकरा वेळा गाडी उचलली. हे शेजारी डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "बरं." ह्यांच्या तोंडून निघालेलं बरं म्हणजे इतरांचं सुवर्णपदक.

परीक्षा गुरुवारी अकराला होती. गुरुवारी आठ वाजता, शेवटचा सराव म्हणून मी गाडी बाहेर काढली, आणि कोपऱ्याच्या अलीकडे बॉनेटखाली फटकन काही तरी तुटल्यासारखं झालं. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. स्टिअरिंग दगड झालं. पट्टा उतरला होता.

"थांबव," हे म्हणाले.

"थांबवते," मी म्हटलं, आणि दोन्ही हातांनी ते स्टिअरिंग ओढून गाडी सरळ कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेऊन उभी केली.

हे खालच्या आवाजात म्हणाले, "विचारलं तर सांग, टेन्शनर बाहेरगावी एकाने बसवला." चौतीस वर्षांत हे मला खोटं बोलायला पहिल्यांदाच सांगत होते. म्हणजे मी न सांगता पुष्कळ बोलले असेन, तो भाग वेगळा.

गॅरेजवाला हात पुसत आला. पंचेचाळिशीचा, केस पिकलेला माणूस, पण ह्यांना बघून त्याने पोरासारखा शर्ट खाली ओढला. "या सर. या काकू. काय झालं?"

"अकराला परीक्षा आहे माझी," मी म्हटलं. "पट्टा उतरलाय."

त्याने बॉनेट उघडलं, वाकला, टेन्शनरला हात लावला. तो त्याच्या हातात गोल फिरला. "हा कुणी बसवला?"

"बाहेरगावी एकाने," मी म्हटलं.

त्याने दोन मिनिटांत टेन्शनर सोडवला आणि पाठ उलटी करून पाहिली. मग त्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

"काकू, ह्याच्या मागे एक खुंटी असते," तो म्हणाला. "ती इंजिनावरच्या एका भोकात बसते. ती बसली की हा जागचा हलत नाही, आणि मग स्प्रिंगला जोर लावता येतो. खुंटी नसेल तर हा नुसता लटकतो."

"पडली असेल खुंटी," मी म्हटलं. एकदा खोट्यात पाय घातला की पुढे जावंच लागतं.

"पडली नाही. घासलीय." त्याने खिशातली पोलादी पट्टी काढली, घासलेल्या जागेवर उभी धरली आणि टेन्शनर दाराकडच्या उजेडात नेला. "बघा. उजेड दिसत नाही खालून. कुठूनच नाही." त्याचा आवाज जरा बदलला. "मी दोन वर्षं हेच करायला बघत होतो. असं घासणारा माणूस मी जन्मात एकच पाहिलाय."

हे हात पाठीमागे बांधून रस्त्याकडे तोंड करून उभे होते. त्यांना रस्ता दिसत नव्हता हे मला माहीत होतं.

"भोक कुठे होतं तिथे," हे न वळता म्हणाले. "भोकच नव्हतं."

गॅरेजवाल्याने बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि इंजिनावर एका जागी टोचला. काळी, तेलकट खपली निघून खाली पडली. आत स्वच्छ गोल भोक होतं. जुना टेन्शनर काढताना बावीस वर्षांची तेलकट माती त्यात बसली होती, एवढंच. कोणीही खपली काढली असती, खुंटी आत गेली असती, आणि काम दहा मिनिटांचं होतं. पण त्यासाठी ती खपली दिसायला हवी होती.

हे आत आले. वाकले. हल्ली बघताना मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने बघतात, तसं बघितलं. मग बोट पुढे करून भोक चाचपलं. बोटाचं टोक आत गेलं.

"मला दिसलं नाही," हे म्हणाले.

मला आठवतंय तेव्हापासून भोकं चुकीच्या जागी असतात, वस्तू चुकीच्या मापाच्या असतात, कारखाने चुकीचे असतात आणि बायका मधेच बोलतात. ह्यांचं कधी काही चुकत नाही. एकदा तरी ह्यांनी चूक कबूल करावी अशी मला केवढी हौस होती. ती गुरुवारी सकाळी सव्वाआठला पुरी झाली आणि मला रडू यायला लागलं. मी ते गिळलं, कारण गिऱ्हाइकं बघत होती.

गॅरेजवाला म्हणाला, "सर, असली भोकं मलाही दिसत नाहीत."

"खोटं बोलू नकोस," हे म्हणाले. "दोनदा बसलास तेव्हाही हेच करायचास. बसव आता. नीट बसव."

"बसवतो सर."

मागच्या अंगणात आमच्यासारखीच एक मोडकी गाडी होती. तिचा टेन्शनर त्याने काढला, भोक पुन्हा पुसलं, खुंटी आत टेकवली आणि ह्यांचा हात धरून त्यावर ठेवला. ह्यांनी चाचपून मान हलवली. पट्टा चढला. मी किल्ली फिरवली आणि गाडी चालू झालीय की नाही तेच मला कळेना. एवढी शांत.

ती शांतता मला पहिल्या वळणापर्यंत आवडली. तिथे थांबले, पुन्हा निघायला क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. दुसऱ्या वळणावर पुन्हा.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"आवाज येत नाहीये," मी म्हटलं.

आम्ही दोघं त्या नीट दुरुस्त झालेल्या गाडीत बसून राहिलो. दीड महिना ह्यांनी मला एक बिघाड शिकवला होता, आणि तो आता दुरुस्त झाला होता.

परीक्षेच्या मैदानावर हे उतरून कुंपणाशी जाऊन उभे राहिले. चढ कुंपणाला लागूनच होता. शेजारी परीक्षक साहेब येऊन बसले. त्यांच्या मांडीवर पाटी होती, पाटीवर कागद होता, आणि चेहऱ्यावर सकाळपासून पाहिलेल्या सगळ्या गाड्या होत्या. "खिडकी उघडी ठेवा," ते म्हणाले. "तीनदा बंद पडली की मला नापास लिहावं लागतं."

वळणं झाली. मागे घेऊन उभी करणं झालं. निघताना एकदा बंद पडली. मग चढ. अर्ध्यावर थांबवून, हँडब्रेक लावून, पुन्हा उचलायची. मी कान लावला. काहीच नाही. पायाने अंदाज घेतला आणि अंदाज चुकला. गाडी बंद. दोन.

"आता शेवटची," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

मी किल्ली फिरवली. मला ताईचे पांढरे केस दिसत होते, आणि साबण डोळ्यात गेला की ती मला जी नावं ठेवते ती ऐकू येत होती. आणि तेवढ्यात तो आवाज आला. तोच. केकाटणं. मला वाटलं पट्टा पुन्हा सुटला.

पण लाल दिवा लागला नव्हता. आवाज खिडकीतून येत होता. मी मान वळवली. कुंपणाशी कानससर उभे होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, वर्गात बांधायचे तसे पाठीमागे बांधलेले हात, एक कान माझ्या इंजिनाकडे वळवलेला, आणि तोंड उघडून हे जिवाच्या आकांताने केकाटत होते. आजूबाजूची माणसं चार पावलं सरकून उभी राहिली होती. ज्या माणसाने मंगल प्रसंगीसुद्धा कधी गुणगुणलं नाही, तो सगळ्या मैदानादेखत पट्ट्याचा आवाज काढत होता.

मी पाय दाबला. इंजिन चढलं, हे चढले. मी क्लच हळूहळू सोडला. इंजिनाचा दम किंचित खाली बसला, मला तो ऐकू आला नाही, पण ह्यांना आला, आणि ह्यांचा आवाज बरोबर तिथे खाली बसला. पाय थांबवला. हँडब्रेक सोडला. गाडी चढू लागली.

"हा आवाज कसला?" साहेबांनी विचारलं.

"पट्ट्याचा," मी म्हटलं. "जुनी गाडी आहे."

"टेन्शनर बघून घ्या," ते म्हणाले, आणि वरच्या सपाटीवर गाडी थांबल्यावर कागदावर सही करून खाली उतरले.

मी गाडी बंद केली आणि चढाच्या कडेने कुंपणापाशी आले. माझ्या मागोमाग एक तरुण मुलगा त्याची गाडी घेऊन चढावर आला होता. त्याचं इंजिन गुरगुरत होतं, आणि हे अजून डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून आवाज काढत होते. वर, मग खाली, मग बरोबर जागेवर थांबवून धरलेला. चेहरा लालभडक झाला होता. मी वर पोचल्याचं त्यांना दिसलंच नव्हतं.

मी त्यांच्या कोपराला हात लावला. "अहो, बस आता. मी चढले. पास झाले."

आवाज थांबला. हे धापा टाकत माझ्याकडे वळले आणि मान तिरकी करून मला बघायचा प्रयत्न केला.

"मग आत्ता चढतोय तो कोण?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण तोही चढला."